माळ्यावरच्या सीडी



दसऱ्याच्या आधी घर काढायला घेतलं की माळ्यावरून काय काय खाली येतं, ते तुम्हाला सांगायला नको. आमच्याकडे यंदा बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा खाली आला. आत सगळ्या सीडी. दिरांच्या लग्नाची, मुलाच्या बारशाच्या फोटोंची, आणि अगदी तळाशी दोन, ज्यांवर माझ्या भावाचं अक्षर होतं, ‘आईच्या ओव्या, २००६’. एकीवर कागदी लेबल चिकटवलेलं, दुसरीवर थेट पेनने लिहिलेलं. भावाने तेव्हा टेपवर आईचा आवाज भरून घेतला होता आणि तालुक्याला जाऊन त्याच्या सीडी करून आणल्या होत्या. मी तेव्हा सासरी. आई जाऊन आता सात वर्षं झाली. ती टेप कुठे गेली, कुणालाच माहीत नाही.

हौसेने लॅपटॉप उघडला. चारी बाजूंनी फिरवून पाहिला, तर सीडी घालायला जागाच नाही! शेजारी भाचा बसला होता. तो हसायला लागला. म्हणाला, “मावशी, आता नव्या लॅपटॉपला सहसा नसतेच ती. बाहेरून जोडायचा रायटर घ्यावा लागेल.”

म्हणून आज त्या रायटरबद्दल बोलते. तुमच्याही माळ्यावर असा एखादा डबा असणार.

दुकानात गेलात तर ‘बाहेरून लावायचा डीव्हीडी रायटर’ असं सांगा. मला आधी वाटलं होतं, नुसतं ऐकायचंय तर रायटर कशाला? पण तो वाचतोही आणि लिहितोही, सीडी चालते आणि डीव्हीडीही चालते. मला दोन हजारांच्या आत मिळाला. दुकानदाराने ब्लू-रेचा महागडा दाखवला तर हात जोडा. आपल्या घरात ब्लू-रेची एक तबकडी सापडणार नाही.

हा रायटर वीज लॅपटॉपकडूनच घेतो, वेगळा प्लग नसतो. त्यामुळे त्याची पिन सरळ लॅपटॉपलाच लावायची. माऊस, पेन ड्राइव्ह सगळं एकत्र खुपसायचा जो गुच्छ मिळतो, त्यात नको. वीज कमी पडली की आतून टकटक आवाज येतो आणि सीडी दिसतच नाही. मग आपण म्हणतो, वस्तू खराब निघाली. काही रायटरच्या वायरीला दोन पिना असतात, त्या दोन्ही लावायच्या. आणि लॅपटॉपला चपटी लहान खाच असेल, तर त्याला बसेल अशी वायर आहे का, ते दुकानातच बघून घ्या. घरून एखादी सीडी न्या आणि तिथेच चालवून दाखवा म्हणावं. जिवाची सीडी नेऊ नका, कसलीही न्या.

आता माझी चूक सांगते. रायटर घरी आला. लेबलवाली सीडी हातात घेतली, तर कागदाची कड उचललेली. फिरताना कागद आत अडकेल म्हणून मी नखाने तो ओढला, आणि कागदाबरोबर चंदेरी पापुद्रा सोलून आला! सीडीतून पलीकडचं दिसायला लागलं. भाचा ओरडला, “मावशी, काय केलंस!” मला तर वाटायचं की खालची चकचकीत बाजू नाजूक आणि वरची छापाची बाजू भक्कम. सीडीचं अगदी उलट असतं. खाली जाड प्लास्टिक असतं. चंदेरी थर असतो वर, छापाच्या लगेच खाली, त्यावर फक्त लाखेचा पातळ हात. तो थर गेला की आतलं सगळं गेलं. त्या सीडीतलं आता काही निघत नाही. म्हणून सांगते, चिकटलेलं लेबल कधीही ओढू नका. वर लिहायचं तर मऊ टोकाच्या सीडी मार्करने, बॉलपेनने नाही.

दुसऱ्या सीडीला मी हात लावायला घाबरत होते. भाच्याने ती मऊ सुती कपड्याने पुसली. मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसायची, ताट पुसतो तशी गोल नाही. रायटरचा खण पातळ असतो, तेव्हा खालून एका हाताचा आधार द्यायचा आणि सीडी मधल्या खुंटीवर टक् आवाज येईपर्यंत दाबायची. बसवली. सुरू झाली. आणि आई गायला लागली. मी उठून स्वयंपाकघरात गेले.

थोड्या वेळाने भाचा म्हणाला, “झालं, सगळ्या ओव्या लॅपटॉपमध्ये घेतल्या.” इतक्या लवकर? पाहिलं तर एकेक फाइल अवघी १ केबीची. मैत्रिणींनो, इथे फार जण फसतात. गाण्याच्या सीडीवर ज्या फाइली दिसतात, त्यांच्या नावापुढे सीडीए असं असतं. ती गाणी नसतात, गाणं कुठे आहे ते सांगणाऱ्या नुसत्या चिठ्ठ्या असतात. त्या उचलून ठेवल्या आणि सीडी टाकून दिली, तर हाती काहीच उरत नाही. गाणी विंडोज मीडिया प्लेअरमध्ये ‘रिप’ करून घ्यावी लागतात. आमच्या बारा ओव्यांतल्या नऊ निघाल्या. पुढे रायटर नुसता घरघरत राहिला. शेवटच्या तीन नणंदेच्या घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर निघाल्या. एका यंत्राला न वाचलेली सीडी दुसरं कधी कधी वाचतं, तेव्हा लगेच आशा सोडू नका.

फोटोंच्या सीडीचं सोपं आहे, फाइली सरळ उचलायच्या. लग्नाची व्हीसीडी असेल तर एमपीईजीएव्ही नावाच्या फोल्डरमधली मोठी फाइल घ्या, व्हीएलसी प्लेअरवर ती चालते.

पण हे काम लांबणीवर टाकू नका. घरी किंवा स्टुडिओत भरलेल्या सीडीत रंगाचा एक थर असतो आणि लेझर त्या रंगावर खुणा करतो. ऊन आणि उष्णता लागली की तो रंग बिघडत जातो. पत्र्याखालचा माळा म्हणजे त्यांचा वैरीच.

आता लिहिण्याचं. माझ्या थोरल्या मावशीकडे अजून जुना सीडी प्लेअर आहे, मोबाइल तिला जमत नाही. तिच्यासाठी कोरी सीडी-आर आणली. सीडी-आरडब्ल्यू पुसून पुन्हा भरता येते खरी, पण जुन्या प्लेअरवर ती बऱ्याचदा चालत नाही. सीडीत ७०० एमबी मावतं, म्हणजे गाणी साधारण ८० मिनिटं. लिहिताना ‘ऑडिओ सीडी’ निवडायचं. ‘डेटा’ निवडलं तर लॅपटॉपवर वाजेल, पण मावशीच्या प्लेअरवर बहुधा नाही. वेग कमी ठेवायचा, काम चालू असताना लॅपटॉपला धक्का द्यायचा नाही, आणि झाल्यावर तिथेच एकदा वाजवून बघायची. पहिली माझी फुकट गेली, वीस रुपयांची. दुसरी जमली. एक प्रत पेन ड्राइव्हवर आहे, एक भावाकडे पाठवली.

रविवारी मावशीकडे गेले. तिने डोळे मिटून ऐकलं. तिसऱ्या ओवीला म्हणाली, “थांब, मागे घे.” मागे घेतली. म्हणाली, “ही तुझी आई नाही गं. जात्याला दोघी लागतात. ही मी आहे.”

मग तिने सोललेल्या सीडीतल्या ओव्या विचारल्या. मी काय झालं ते सांगितलं. तिने तिथेच गायला सुरुवात केली, आणि मी घाईघाईने मोबाइल काढला.