व्हिसावर काय लिहिलंय?

(घरकामगार स्त्रियांबरोबर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



'परदेशी नोकरीचे तात्पुरते व्हिसा' असा विषय मला दिलाय. हे ऐकलं की आपल्या डोळ्यांसमोर अमेरिका येते, संगणकवाले येतात. त्यांच्या बायकांचाही प्रश्न आहेच. एच-१बी व्हिसावर गेलेल्या नवऱ्यामागून एच-४ वर जाणाऱ्या बाईला तिथे नोकरी करायची मुभा नव्हती. २०१५ पासून ती मिळाली, पण फक्त ज्यांच्या नवऱ्याचं ग्रीन कार्डचं प्रकरण ठरावीक टप्प्यापर्यंत पोचलंय त्यांना. बाई इंजिनियर असली तरी तिचं तिथलं असणं नवऱ्याच्या कागदाला बांधलेलं! त्यावर कधीतरी स्वतंत्र बोलू. आज मी बोलणार आहे आपल्या वस्त्यांमधून आणि गोव्यातून घरकामाला आखातात जाणाऱ्या बायांबद्दल. कारण ती बाई आपल्याकडे येते निघायच्या चार दिवस आधी, नाहीतर तिथून रडत फोन आला म्हणून तिची बहीण येते. दोन्ही वेळा आपल्याला कागद वाचता आला पाहिजे.

व्हिसा म्हणजे परवानगी, एवढंच आपण धरून चालतो. पण परवानगी कशाची? आखातात जी पद्धत चालत आली तिला कफाला म्हणतात. कफील म्हणजे जामीन राहणारा, अर्थात मालक. बाईला त्या देशात राहायचा हक्क मिळतो तो या मालकाच्या नावावर. काम सोडलं की राहण्याचा आधारही सुटतो. छळाला कंटाळून ती घराबाहेर पडली आणि मालकाने 'पळून गेली' अशी तक्रार केली, की गुन्हेगार ती ठरते. इथे आपली घरकामगार चिडली तर दुसऱ्या दिवशी काम सोडून शेजारच्या इमारतीत काम धरते. तिच्या हातातलं ते एकमेव हत्यार असतं. व्हिसा नेमकं तेच काढून घेतो.

आता कागदाकडे या. कुवेतमध्ये राहण्याच्या परवान्यावर कलमाचा आकडा असतो. खाजगी कंपनीतल्या कामगाराला १८ आणि घरकामगाराला २०. हा आकडा लहानसा दिसतो, पण दोघांना लागू होणारे कायदे वेगळे आहेत. एजंट म्हणतो 'इस्पितळात साफसफाई, आठ तास ड्यूटी' आणि कागदावर असतं २०. म्हणजे बाई कुणाच्या तरी घरात जाणार आहे. २० वरून १८ वर जाणं तिच्या मर्जीवर नसतं.

दुसरा प्रकार याहून वाईट. आमच्याकडे आलेल्या एका बाईच्या पिशवीत दुबईचा व्हिसा होता. एजंटाला तिने मंगळसूत्र मोडून पैसे दिले होते. व्हिसा होता भेटीचा, ३० दिवसांचा. "तिथं गेल्यावर बदलून मिळतो म्हणाला," असं ती म्हणाली. कधीकधी बदलतोही, नाही असं नाही. पण नाही बदलला तर मुदतीनंतर दिवसाला ५० दिरहॅम दंड चढत जातो आणि तो भरल्याशिवाय सुटका होत नाही. मग मालक म्हणेल ते काम, म्हणेल त्या पगारात.

एजंट भेटीचा व्हिसा का काढतो? इथे आपला कायदा येतो. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली, दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर 'ई.सी.आर.' असा शेरा असतो. अशा माणसाला आखातातल्या देशांसह एकूण १८ देशांमध्ये नोकरीसाठी जायचं तर प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सच्या कार्यालयाची मंजुरी लागते. मुंबईत हे कार्यालय आहे, अर्ज मात्र ई-मायग्रेट या सरकारी व्यवस्थेतून जातो. मंजुरीत मालकाचं नाव, पगार, करार सगळं नोंदलं जातं. सोबत प्रवासी भारतीय बीमा योजनेत १० लाखांचा विमा असतो, दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये. पण ही मंजुरी नोकरीसाठी जाणाऱ्याला लागते, फिरायला जाणाऱ्याला नाही. म्हणून एजंट बाईला कागदावर 'पर्यटक' करतो. मंगळसूत्र मोडलेली पर्यटक! मग तिचा करार कुठेच नसतो, विमा नसतो, आणि आपल्या वकिलातीच्या दप्तरी तिचा पत्ताच नसतो.

मंजुरीच्या रस्त्याने का जात नाहीत, असं तुम्ही विचाराल. तर बायांसाठी तो रस्ता अरुंद करून ठेवलाय. ई.सी.आर. पासपोर्टवर घरकामाला जाणाऱ्या बाईचं वय ३० पूर्ण हवं, आणि २०१६ पासून अशी भरती ठरावीक सरकारी संस्थांमार्फतच व्हावी असा नियम झाला. पुरुषाला अशी वयाची अट नाही. हेतू चांगला होता असं म्हणतात. मला यात बापाचा आवाज ऐकू येतो: बाहेर धोका आहे, तू घरात थांब. पंचवीस वर्षांची, दोन मुलं पदरात असलेली, नवऱ्याने टाकलेली बाई थांबत नाही. ती मागच्या दाराने जाते.

आपल्यातल्याही काही मैत्रिणी म्हणतात की सरळ बंदीच घाला. त्यांची तळमळ मला कळते, पण शेजारचा अनुभव बघा. नेपाळने २०१२ साली ३० वर्षांखालच्या बायांना आखातात घरकामाला जायला मनाई केली. बाया दिल्ली-मुंबईमार्गे जात राहिल्या, फक्त त्यांची मोजदाद राहिली नाही. श्रीलंकेने २०१३ पासून पाच वर्षांखालचं मूल असलेल्या आईला अडवलं, २०२२ मध्ये देशाला परकीय चलनाची चणचण भासली तेव्हा ती मर्यादा दोन वर्षांवर आणली. म्हणजे आईपणाची काळजी डॉलरच्या भावावर! उलट फिलिपिन्सने २००६ साली ठरवलं की घरकामगाराचा पगार किमान ४०० डॉलर हवा आणि तिच्याकडून भरतीची फी घ्यायची नाही. तिथेही नियम मोडले जातात, पण निदान सरकार बाईशी नाही, मालक आणि एजंटाशी भांडतं.

आखातातले कायदेही अगदी जागच्या जागी नाहीत, हे बाईला सांगायला हवं. कुवेतच्या २०१५ च्या कायद्यात घरकामगाराला दिवसाला जास्तीत जास्त १२ तास काम, आठवड्याची सुट्टी आणि पगारी रजा आहे. कतारमध्ये २०१७ च्या कायद्याने १० तासांची मर्यादा घातली. २०२० पासून मालकाच्या ना-हरकतीशिवाय काम बदलता येतं, आणि २०२१ पासून किमान वेतन १,००० रियाल आहे. हे कागदावर. बंद दारामागे निरीक्षक जात नाही, ते इथेही जात नाहीत. घरकामगारांसाठीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १८९ क्रमांकाचा करार २०११ चा, त्याला आपल्या देशाने मान्यता दिलेली नाही. दुसऱ्याच्या घरातल्या मोलकरणीसाठी कुठल्या तोंडाने बोलणार?

आता आपण काय करायचं. बाई आली की "जाऊ नकोस" हे वाक्य गिळा. ते तिने घरी ऐकलेलंच असतं. आधी व्हिसा मागा. मूळ नसेल तर झेरॉक्स, मोबाईलवरचा फोटो. व्हिसाचा प्रकार, मुदत, मालकाचं नाव बघा. अरबी येणारं कुणी वस्तीत हमखास असतं, त्याच्याकडून वाचून घ्या. एजंटाचा नोंदणी क्रमांक ई-मायग्रेटवर तपासा. दारात येतो तो बहुधा हस्तक असतो, त्याची नोंदणी कुठेच नसते. नोंदणीकृत एजंटाला ३०,००० रुपये आणि त्यावरचा कर, याहून जास्त घेता येत नाही, आणि पावती द्यावी लागते. सगळ्या कागदांचा एक संच बहिणीकडे, एक आपल्याकडे ठेवा. पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता असते, मालकाने तो काढून घेणं चूक आहे, हे तिला सांगाच. पण घेतलाच तर नंबर आपल्याकडे असेल.

तिथे अडकलेल्या बाईसाठी परराष्ट्र खात्याच्या 'मदद' या तक्रार व्यवस्थेत अर्ज करता येतो. परतीच्या तिकिटासाठी वकिलातीकडे भारतीय समुदाय कल्याण निधी असतो. तो मागावा लागतो, आपणहून कुणी देत नाही. अर्जात निधीचं नाव घालून लिहा.

आणि इथल्या एजंटाविरुद्ध. १९८३ च्या कायद्यात शिक्षा आहे दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड. दोन हजार! बाईकडून तो लाखभर उकळतो. वर पोलीस सांगतात की खटल्याला केंद्र सरकारची परवानगी लागते, आणि माणसं परत जातात. कलम २७ पुढे वाचा. स्वतः बाईने, किंवा तिच्या वतीने आई-वडील, नवरा, मुलं, भाऊ, बहीण यांनी तक्रार केली तर ती परवानगी लागत नाही. म्हणून तक्रार संघटनेच्या लेटरहेडवर करू नका. बहिणीला सोबत घेऊन जा, सही तिची घ्या, आणि कलमाची झेरॉक्स हातात ठेवा.