दया नको, दाम द्या
(जामनेर येथे शेतकरी व कारागीर मंडळींपुढे एका गावशिक्षकाने केलेले भाषण)



आजचा विषय जरा अडचणीचा आहे, पण तो प्रत्येकाच्या दारातला आहे. मोरी तुंबली, संडासाची टाकी भरली, गोठ्यात जनावर मेले, लग्नातल्या उष्ट्या पत्रावळी उचलावयाच्या झाल्या, म्हणजे आपण दुसऱ्या माणसास बोलावतो आणि पैसे देतो. पैसे देताना आपल्यापैकी पुष्कळांची नजर खाली जाते. कपड्याची शिलाई देताना ती खाली जात नाही. डॉक्टरची फी देताना तर नाहीच नाही. मग येथेच का जावी? काम घाणीचे म्हणून म्हणाल, तर डॉक्टरही रक्त-पू हाताळतो. खरे कारण असे की, डॉक्टराकडे आपण त्याची विद्या पाहून जातो. येथे मात्र माणसाची जात पाहून त्याच्या वस्तीत गेलेलो असतो. हे मनाला ठाऊक असते, म्हणून मन ओशाळते.

ही लाज वाईट आहे असे मी म्हणत नाही. ज्याला ती वाटतच नाही, त्याच्यापेक्षा ज्याला वाटते तो बरा. प्रश्न एवढाच की, त्या लाजेचे आपण करतो काय?

कोणी तोंड फिरवितो. पैसे ओट्याच्या कडेला ठेवतो आणि 'तेथून उचल' म्हणतो. कोणी दयाळू बनतो. मजुरीचा दर ठरवीत नाही, पण जुना सदरा, शिळी पोळी, सणाचे उरलेले अन्न देतो आणि मन हलके करून घेतो. शहरात शिकलेली आमची मुले तिसरीच वाट काढतात. ती म्हणतात, 'दुसऱ्याकडून असले काम घेणेच पाप, बंद करा.' आपले घर आपण झाडावे हे उत्तमच. परंतु हीच मुले पुण्यास परत जातात, तेव्हा त्यांच्या इमारतीचा जिना भल्या पहाटे कोणीतरी झाडून गेलेले असते. काम बंद होत नाही, ते डोळ्यांआड होते. आणि इकडे ज्या बाईची मजुरी बुडाली तिच्या चुलीचे काय, हे कोणी विचारीत नाही.

या तिन्ही वाटांत समोरच्या माणसास कोणी एवढेही पुसले नाही की, बाबा रे, तुझा दर काय? आणि हे काम तुला करावयाचे आहे का?

न पुसण्याची ही खोड जुनी आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 1915 साली 'गावगाडा' लिहून बलुत्याची सारी घडी मांडून दाखविली. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट यांच्या घरांत तिच्या आठवणी अजून निघतात. वर्षभर राबावयाचे आणि सुगीत खळ्यावर जाऊन उभे राहावयाचे. पदरात पडेल ते हक्काचे असूनही मागताना भिकेसारखे वाटावयाचे. ज्यांना अस्पृश्य ठरविले त्यांची गत तर याहून वाईट. 1874 च्या वतन कायद्याखाली महार बांधव जमिनीच्या तुकड्यापायी आणि बलुत्यापायी सरकारच्या व गावाच्या कामास रात्री-अपरात्री जुंपलेला असे. घरात कोणी आजारी असले तरी 'येत नाही' म्हणण्याची सोय नव्हती.

शाहू छत्रपतींनी 1918 साली आपल्या संस्थानात हे महार वतन मोडले. 19 मार्च 1928 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात बिल मांडले, त्यात त्यांनी दयेची याचना केली नाही. बलुत्याऐवजी रोख रक्कम ठरवा आणि ज्याला वतन नको त्याला ते सोडण्याची मोकळीक द्या, असा त्यांचा आग्रह होता. ते बिल तेव्हा तडीस गेले नाही. कनिष्ठ गावकामगारांची वतने अखेर 1958 च्या कायद्याने गेली. कागदावरचे वतन गेले, मनातले राहिले.

हे दुखणे केवळ आपलेच नाही. जोतीराव फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' छापली, ती गुलामांना दास्यातून सोडविणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केली. त्याच अमेरिकेत गुलामगिरी गेल्यावर पुलमन कंपनीने आगगाडीच्या झोपण्याच्या डब्यांत उतारूंचे बिछाने घालावयास व जोडे पुसावयास काळे लोक ठेविले. पगार तुटपुंजा, बाकीचे पोट उतारूंच्या बक्षिसीवर. गड्याचे नाव काहीही असो, पुष्कळ उतारू त्याला कंपनीच्या मालकाच्या नावावरून 'जॉर्ज' अशीच हाक मारीत. बक्षिसी देणारा उदार ठरे आणि घेणाऱ्यास मिंधे होऊन हसावे लागे. 1925 साली ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या पुढारीपणाखाली त्यांनी संघ काढला आणि बारा वर्षे झगडून 1937 साली कंपनीशी करार केला. पगार वाढला, कामाचे तास उतरले. इतक्या वर्षांच्या बक्षिसीने जे झाले नाही, ते एका कराराने झाले. आपली शिळी पोळी ही त्या बक्षिसीचीच बहीण.

आता कोणी म्हणेल, 'गुरुजी, कापसाला भाव नाही; आम्ही वाढीव मजुरी कोठून आणावी?' ही हरकत खोटी नाही. परंतु व्यापारी आपला कापूस मुठीत दाबून, आपल्याला न विचारता भाव सांगतो, तेव्हा आपल्या पोटात जे कालवते तेच मजुराच्याही पोटात कालवते. जो न्याय आपण बाजारात मागतो, तो आपल्या ओट्यावर दिला पाहिजे. पैसा कमी असेल तर काम कमी सांगावे. दाम कापून वर उपकार सांगू नये.

तेव्हा माझे मागणे थोडक्यात सांगतो. दर कामाआधी ठरवा आणि काम होताच पैसे हातात द्या. आखाजीला सालदार ठेवाल, तेव्हा सालाची रक्कम, सुट्या, आजारपणातली सोय हे सारे कागदावर लिहून एक प्रत त्यास द्या. उचल दिली म्हणजे माणूस विकत घेतला असे होत नाही. उचलीपायी माणूस बांधून ठेवणे हा 1976 च्या कायद्याने गुन्हा आहे. टाकी भरली तर उपसा करणारी गाडी बोलवा, माणूस आत उतरवू नका. हाताने मैला काढण्यास 1993 च्या व पुढे 2013 च्या कायद्याने बंदी आहे. गटारात जीव गेल्यास वारसांना 30 लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2023 साली सांगितले. गाडीला दाम अधिक पडेल, पडू द्या.

आणि नावाने हाक मारा. वर्षानुवर्षे दारी येणाऱ्या बाईचे नाव कित्येक घरांत कोणास ठाऊक नसते. वयाने मोठा असेल त्यास आप्पा म्हणा, नाना म्हणा; बाईस ताई म्हणा, मावशी म्हणा; मात्र मावशी म्हणून मजुरी कापू नका. चहा द्याल तो आपल्याच कपात द्या. शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना चहाचे दुकान काढावयास मदत केली आणि स्वतः तेथे चहा घेतला. मदत केली ती धंद्यासाठी आणि मान दिला तो गिऱ्हाईक होऊन. आपणही त्यातून एवढे शिकावे.

शेवटचे सांगतो आणि रजा घेतो. ज्या दिवशी त्या माणसाचा मुलगा 'हे काम मी करणार नाही' म्हणेल आणि आपल्याला राग येणार नाही; ज्या दिवशी दाम चोख मिळतो म्हणून आपल्यापैकी कोणाचा मुलगा तेच काम पत्करील आणि आपल्याला कमीपणा वाटणार नाही; त्या दिवशी पैसे देताना आपली नजर खाली जाणार नाही. तोवर ती जात असेल तर जाऊ द्या, पण दाम पुरा द्या.