मूळ चित्र आणि नवा रंग



ज्यांच्या स्मरणार्थ आज आपण बाजारहत्नूरच्या या शाळेत जमलो आहोत, ते गुरुजी सुवाच्य प्रत उतरविताना मूळ ओळ गाळणाऱ्यास संपूर्ण पान पुन्हा लिहावयास लावीत. 'मुघल-ए-आझम'ची जुनी आणि नवी प्रत घरी लागोपाठ पाहताना मला त्यांचे स्मरण झाले.

के. आसिफ यांचा हा चित्रपट १९६० साली प्रदर्शित झाला. तो बव्हंशी कृष्णधवल होता. शीशमहालातील नृत्यगीत व अखेरचा भाग तेवढा रंगीत. २००४ मध्ये ओरखडे पुसून तो संपूर्ण रंगविण्यात आला, ध्वनीही नव्याने सिद्ध झाला. मात्र सुमारे १९७ मिनिटांचे चित्र १७७ मिनिटांवर आले.

ओरखडे पुसणे ही सेवा होय. रंग भरणे हा अर्थ लावणे होय. मूळ चित्रात करड्या दरबारानंतर शीशमहाल एकाएकी रंगांनी उजळतो आणि अनारकलीचे बंड डोळ्यांना जाणवते. सारेच रंगीत झाल्यावर तो क्षण इतरांसारखाच होतो.

नवी प्रत मुलांना अवश्य दाखवावी. परंतु मूळ प्रतही शेजारी ठेवावी. गाळलेली ओळ कोणती, हे त्यांना तेव्हाच कळेल.