बर्फाची वाट पाहतांना

श्रोतेहो, आमच्या मराठवाड्यांतील माणसाची बर्फाशीं पहिली ओळख होते ती उसाच्या रसाच्या पेल्यांत, आणि पुष्कळांच्या बाबतींत ती जन्मभर तेवढीच राहते. मीं तर छत्रपती संभाजीनगरांत, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेंत, भूगोल शिकवितांना हिमरेषा, हिमनदी, हिमवर्षाव हे शब्द वर्षानुवर्षें फळ्यावर लिहिले. पण त्यांपैकीं एकहि गोष्ट लिहिणाऱ्यानें डोळ्यांनीं पाहिलेली नव्हती. हा उणेपणा भरून काढावा म्हणून २०२४ च्या जानेवारींत मुलगा, सून आणि दहा वर्षांचा नातू यांच्यासह मी काश्मीरांतील गुलमर्गास गेलों. त्या प्रवासांत पुस्तकांतला तो बर्फ कांहीं मला भेटला नाहीं. जें भेटलें तें आज आपणांस सांगावयाचें आहे.

गुलमर्ग हें बारामुल्ला जिल्ह्यांतील, श्रीनगरपासून सुमारें पन्नास किलोमीटरांवरचें एक विस्तीर्ण कुरण. त्याची उंची सुमारें २६५० मीटर, म्हणजे आपल्या म्हैसमाळाच्या जवळजवळ अडीचपट. उन्हाळ्यांत तेथें फुलें पाहावयास लोक जातात, आणि हिंवाळ्यांत जातात ते स्कीच्या खेळासाठीं. दोन लांब, अरुंद फळ्या पायांस बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत जावयाचें, हा तो खेळ. स्की हा शब्द मूळचा नॉर्वेकडील असून त्याचा अर्थ चिरलेलें लांकूड एवढाच आहे. तिकडे तें हिंवाळ्यांत घराबाहेर पडण्याचें साधन होतें. खेळ तो मागाहून झाला. गुलमर्गास १९२७ सालीं इंग्रज अधिकाऱ्यांनीं या खेळाचा क्लब काढला. पुढें तारेवरून जाणारे पाळणे आले. गोंडोला या नांवानें ते प्रसिद्ध आहेत. त्यांचा पहिला टप्पा १९९८ सालीं कोंगडोरीपर्यंत आणि दुसरा २००५ सालीं अफरवट पर्वतावर सुमारें ३९५० मीटर उंचीपर्यंत सुरू झाला. आज देशोदेशींचे खेळाडू तेथें येतात, आणि ज्यांना उभ्या जन्मांत स्की पायांत घालावयाची नाहीं असे आमच्यासारखे प्रवासीहि हजारोंनीं येतात.

वाटेंत टंगमर्ग येथें गाडी थांबली. तेथें लांब कोट आणि रबरी बूट भाड्यानें मिळतात. आम्हीं चौघांनीं ते चढविले आणि मोठ्या उत्कंठेनें वर गेलों. पाहतों तों काय! जेथें त्या दिवसांत सर्वत्र पांढरें व्हावयाचें, तेथें पिवळट गवत पसरलेलें. झाडांच्या दाट सावलींत कोठें कोठें जुन्या बर्फाचे मळकट तुकडे होते, इतकेंच. भाड्याच्या बुटांना करण्यासारखें कांहीं काम उरलें नव्हतें. एक गृहस्थ माहितीपत्रकावरील शुभ्र उताराचें चित्र हातांत धरून तें समोरच्या गवताशीं ताडून पाहत होते. कोणी प्रवासाच्या व्यवस्थापकास बोल लावीत होता, कोणी आपल्या नशिबास. स्वच्छ आकाशांत दूरवर नंगा पर्वत दिसत होता. पण तिकडे मान वळविण्याची कोणाची मनःस्थिति नव्हती.

मी स्वतः त्या मंडळींहून निराळा होतों असें म्हणवत नाहीं. बर्फावरून माणसें ओढून नेणारा एक पन्नाशीचा गृहस्थ आपली लांकडी घसरगाडी, जिला तेथें स्लेज म्हणतात, उलटी टाकून तिच्यावर बसला होता. फिरनाच्या आंत त्यानें कांगडीची शेगडी धरली होती. मीं आमच्या दखनी वळणाच्या हिंदींत त्याला विचारलें, “एवढे पैसे खर्चून आलों, तुमचा बर्फ आहे तरी कोठें?” तो न रागावतां म्हणाला, “साहेब, आम्हीहि त्यालाच शोधीत आहों.”

या उत्तरानें मी वरमलों. माझा एक दिवस वायां गेला होता. त्याचा हंगाम जात होता. मी त्याच्या शेजारीं बसलों, आणि आयुष्यभर भूगोल शिकविलेल्या माणसाचा भूगोलाचा एक नवा तास सुरू झाला.

तो म्हणाला, “एकवीस डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना आम्ही चिल्लई कलान म्हणतों. थंडीचे सर्वांत कडक दिवस ते. त्यानंतर वीस दिवसांची धाकटी थंडी, आणि शेवटीं दहा दिवसांची अगदींच तान्ही. चाळीस दिवसांत पडलेला बर्फ घट्ट बसतो. तो उन्हाळ्यापर्यंत डोंगरावर राहतो आणि हळूहळू पाणी सोडतो. उशिरा पडलेला बर्फ पाहुण्यासारखा असतो. आला कीं निघाला.” भूमध्य समुद्राच्या बाजूनें येणारे वादळी वारे हा हिंवाळी बर्फ आणतात, हें मला पुस्तकांतून ठाऊक होतें, परंतु तो वेळेवर न आला तर झेलमला पाणी कमी, भाताच्या खाचरांना पाणी कमी, आणि सफरचंदाच्या झाडाला पुरेशी थंडी न मिळाल्यानें त्याचा बहर बिघडतो, ही सारी सांखळी मीं त्या उलट्या स्लेजवर बसून शिकलों. त्याच्या भावाची खालीं सफरचंदाची बाग होती. घरांत सर्वांची बोलणीं बर्फाचींच चाललेलीं असत, पण त्यांत स्कीचें नांवहि नसे.

मग त्यानें मला माझ्या मुलखाविषयीं विचारलें. मीं सांगितलें कीं, आमच्याकडे मृग नक्षत्र लागलें म्हणजे शेतकरी असाच आकाशाकडे पाहत बसतो. पैठणच्या जायकवाडी धरणांत पाणी किती टक्के आहे, हा आमच्या शहरांत बाजारभावासारखा रोजच्या विचारपुशीचा विषय असतो. २०१६ च्या एप्रिलांत आमच्या लातूर शहराला मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. आगगाडीनें पाणी, हें ऐकून तो कितीतरी वेळ माझ्याकडे पाहत राहिला. शेवटीं म्हणाला, “तर मग तुम्हांला सांगावयाची गरजच नव्हती.”

श्रोतेहो, गरज होती. दुष्काळी प्रदेशांत जन्म काढूनहि मला त्या कोरड्या कुरणांत प्रथम दिसला तो माझा बुडालेला आनंद. मृगांत पाऊस ओढ धरीत असतां कोणी पाहुणा वेरूळास येऊन, “आम्ही खास धबधबा पाहावयास आलों होतों, तो कोठें आहे?” असें विचारील, तर आपणांस कसें वाटेल?

नातू मात्र हिरमुसला होता. तें पाहून त्या गृहस्थानें कोठून तरी लहान मापाच्या स्की आणल्या आणि देवदाराच्या सावलींत घोटाभर उरलेल्या जुन्या बर्फावर त्याला उभें केलें. पहिला धडा पडण्याचा. पडावयाचें तें पुढें किंवा मागें नव्हे, तर कुशीवर. आणि उठावयाचें तें फळ्या उताराला आडव्या करून. दुसरा धडा थांबण्याचा. फळ्यांचीं पुढचीं टोकें जवळ आणि मागचीं दूर केलीं कीं वेग आवरतो. याला बर्फाचा नांगर अशा अर्थाचें इंग्रजी नांव आहे. दहा-बारा हातांच्या त्या पट्ट्यावर पोर वीस वेळां पडलें आणि एकविसाव्या वेळीं तीन हात घसरून आपल्या आपण थांबलें. त्याचा आनंद कांहीं विचारूं नका! मीं स्लेजचेंहि भाडें पुढें केलें, तेव्हां तो म्हणाला, “स्लेज चाललीच नाहीं, मग भाडें कसलें?” शिकविल्याचे पैसे त्यानें घेतले, न चाललेल्या गाडीचे घेतले नाहींत.

आम्ही परत आलों. महिनाअखेरीस, चाळीस दिवस सरत आले असतां, एका सकाळीं फोन वाजला. पलीकडून ओळखीचा आवाज आला, “मास्तरजी, आला!” कोण आला हें विचारावें लागलें नाहीं. मागें पोरांचा गलका ऐकूं येत होता. मीं विचारलें, “स्लेज निघाली का?” तो म्हणाला, “निघेल. पण उशिरा आला. राहतो किती दिवस, पाहूं.” पुढच्या वर्षीं, २०२५ सालीं, तेथील राष्ट्रीय हिंवाळी खेळ पुरेशा बर्फाअभावीं फेब्रुवारींतून मार्चांत ढकलावे लागले, हें वृत्तपत्रांत वाचलें तेव्हां मला आधीं त्याचा तो आवाज आठवला, आणि खेळाडू मागाहून.

आपणांपैकीं पुष्कळजण गुलमर्गास जाऊन आले असतील, आणखी कित्येक जातील. अवश्य जावें. स्की पायांत घालण्याचें वय नसेल, तर दुसऱ्यांना पडतांना पाहण्यांतहि मौज आहे. पाळण्यांतून अफरवटावर जावें. तेथें हवा विरळ असते, तेव्हां चालणें सावकाश ठेवावें. बर्फ भरपूर असेल तर आंखलेल्या वाटेबाहेर जाऊं नये. १ फेब्रुवारी २०२३ रोजीं त्याच पर्वतावर हिमलोट कोसळून दोन परदेशी पाहुणे प्राणास मुकले. आणि दैववशात् बर्फ नसलाच, तर तक्रार करण्यापूर्वीं उलट्या स्लेजवर बसलेल्या एखाद्या माणसाच्या शेजारीं घटकाभर बसावें.

आमच्या घरीं हल्लीं एक नवा परिपाठ पडला आहे. जून उजाडला कीं तिकडून फोन येतो, “मास्तरजी, तुमचा पाऊस आला का?” आणि डिसेंबराच्या एकविसाव्या तारखेनंतर नातू इकडून फोन लावतो, “चाचा, बर्फ पडला का?”