साक्षीदाराचा जमाखर्च

न्यायालयांत साक्षीदार उभा राहिला म्हणजे त्याच्या साक्षीकडे वळण्यापूर्वीं विरुद्ध पक्षाचा वकील कित्येकदां एक साधाच प्रश्न विचारतो : "आपण येथपर्यंत आलांत, तें कोणाच्या खर्चानें ?" प्रश्न क्षुल्लक दिसतो, पण उत्तर देतांना साक्षीदार अडखळला, कीं त्याची उरलेली साक्ष कितीहि खरी असली तरी तिचें वजन निम्में होतें.

मानवी हक्कांचा कैवार घेणाऱ्या संस्थांचें स्थान असेंच साक्षीदाराचें आहे. त्यांच्यापाशीं सैन्य नाहीं, तुरुंगाच्या किल्ल्या नाहींत, कोणास शिक्षा करण्याचा अधिकार नाहीं. अमुक देशांत अमुक मनुष्याला केवळ त्याच्या मतांसाठीं कोंडून ठेवलें आहे, असें त्या सांगतात, आणि जग त्यावर विश्वास ठेवतें किंवा ठेवीत नाहीं. त्यांचें सारें सामर्थ्य काय तें एवढेंच. म्हणून अशा संस्थेचा जमाखर्च ही केवळ कचेरींतील कारकुनी बाब नसून तिच्या साक्षीचाच एक भाग होय, हा विचार आज मला आपणांपुढें मांडावयाचा आहे.

याचें उदाहरण एका जगप्रसिद्ध संस्थेच्या इतिहासांत सांपडतें. ॲम्नेस्टी इंटरनॅशनल ही संस्था १९६१ सालीं लंडन येथें पीटर बेनेन्सन या वकिलाच्या पुढाकारानें निघाली. तिच्या रचनेंत नि:पक्षपाताची एक सुबक योजना होती. सभासदांच्या प्रत्येक स्थानिक गटानें तीन कैद्यांचा कैवार घ्यावयाचा : एक पाश्चात्त्य गोटांतील देशाचा, दुसरा साम्यवादी देशाचा आणि तिसरा या दोहोंबाहेरील देशाचा. कैद्यांची निवड अशी कांट्यावर तोलली जात होती. पैशाच्या बाबतींत मात्र तेवढी दक्षता राहिली नाहीं.

१९६५ च्या नोव्हेंबरांत आयन स्मिथ यांच्या गोऱ्या अल्पसंख्य सरकारनें ऱ्होडेशियाचें स्वातंत्र्य एकतर्फी जाहीर केलें. तेथें स्थानबद्ध असलेल्या आफ्रिकी राजबंद्यांस व त्यांच्या कुटुंबांस मदत पोंचविण्याचें काम ॲम्नेस्टीच्या मंडळींनीं हातीं घेतलें. पुढें १९६७ च्या प्रारंभीं कांहीं पत्रें बाहेर आलीं आणि या कामासाठीं ब्रिटिश सरकारकडून गुप्तपणें पैसा आला होता, हें उघडकीस आलें. ब्रिटिश अमलाखालील एडनमध्यें कैद्यांचा छळ होतो, असा अहवाल याच संस्थेनें १९६६ सालीं पुढें आणला होता. एका हातानें ज्या सरकारवर आरोप करावयाचा, त्याच सरकारकडून दुसऱ्या हातानें लपून पैसा घ्यावयाचा, हें दृश्य संस्थेच्या स्नेह्यांसहि सहन होण्याजोगें नव्हतें. त्याच सुमारास जिनीव्हा येथील 'इंटरनॅशनल कमिशन ऑफ ज्युरिस्ट्स' या संस्थेकडे अमेरिकन गुप्तहेर खात्याचा पैसा मध्यस्थांमार्फत येत होता, ही गोष्टहि प्रसिद्ध झाली. १९६७ च्या मार्चमध्यें डेन्मार्कमधील एल्सिनोर येथें ॲम्नेस्टीची सभा भरली. बेनेन्सन यांचा राजीनामा झाला आणि त्यांचें अध्यक्षपदच रद्द करण्यांत आलें. संशोधन व प्रचार यांसाठीं कोणत्याहि सरकारचा पैसा घ्यावयाचा नाहीं, हा जो संस्थेचा पुढें नियम झाला, त्याच्या मागें हा कडू अनुभव आहे.

कोणी म्हणेल, हा पैसा अडचणींतील कुटुंबांसाठींच होता ना ? मग बिघडलें कोठें ? येथें एक भेद करावयास हवा. घेणाऱ्याचें नांव झांकणें हें कित्येकदां कर्तव्यच असतें. राजबंद्याच्या पत्नीला मदत मिळाली, हें जाहीर करणें म्हणजे तिच्या दाराशीं पोलीस नेऊन उभे करणें होय. परंतु मोठ्या देणगीदाराचें नांव झांकण्यास हें कारण पुरत नाहीं. पहिल्या गुप्ततेनें दुबळ्याचें रक्षण होतें, तर दुसरीनें प्रबळाचें. उद्यां ऱ्होडेशियाच्या सरकारनें "हे तर ब्रिटनचे हस्तक" असें म्हटलें असतें, तर त्याचा परिणाम लंडनच्या कचेरीवर नव्हे, तुरुंगांतील माणसावर झाला असता.

सरकार टाळलें म्हणजे संकट टळलें, असेंहि नाहीं. न्यूयॉर्क येथील ह्यूमन राइट्स वॉच ही संस्था सरकारी पैसा घेत नाहीं. तरी २०१२ सालीं तिनें एका सौदी धनिकाकडून ४,७०,००० डॉलरांची देणगी स्वीकारली. मध्यपूर्व व उत्तर आफ्रिका या प्रदेशांत समलिंगी व्यक्तींच्या हक्कांच्या कार्यासाठीं ही रक्कम खर्चूं नये, अशी तिला अट होती. त्या धनिकाच्या एका कंपनीकडून कामगारांवर होणाऱ्या अन्यायाची नोंद याच संस्थेनें पूर्वीं केलेली होती. २०२० सालीं संस्थेनें ही देणगी परत केली आणि तो निर्णय खेदजनक होता, असें स्वतःच जाहीर केलें. अशी कबुली देण्यास धैर्य लागतें. पण ती येण्यास कित्येक वर्षें लागलीं, हेंहि विसरतां येत नाहीं.

येणाऱ्या पैशाप्रमाणेंच जाणाऱ्या पैशाचीहि गोष्ट आहे. निवृत्त झालेल्या महासचिवांस ॲम्नेस्टीनें पांच लक्ष पौंडांहून अधिक रक्कम दिल्याचें २०११ सालीं वृत्तपत्रांत आलें. हा व्यवहार गोपनीय कराराचा भाग होता, असें संस्थेकडून सांगण्यांत आलें. यांत बेकायदा कांहीं नसेलहि. परंतु दरमहा चार पौंड बाजूस काढून धाडणाऱ्या एखाद्या वृद्ध शिक्षिकेला हें वृत्तपत्रांतून कळावें, आणि कारण मात्र कळूंच नये, हें योग्य नव्हे.

श्रोतेहो, याची दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. हिशेबाची मागणी कधीं कधीं तोंड बंद करण्याचें साधन होऊं शकते. २०२० च्या सप्टेंबरांत बँकेंतील खातीं गोठविलीं गेल्यामुळें ॲम्नेस्टीच्या भारतांतील शाखेनें आपलें काम थांबविलें. विदेशी देणग्यांचे नियम चुकविले गेले, असें सरकारचें म्हणणें होतें. टीका केल्याचा हा सूड आहे, असें संस्थेचें. त्या वादाचा निवाडा करण्याचें हें स्थळ नव्हे. पण ज्या संस्थेचा हिशेब आधींच सर्वांसमोर उघडा पडलेला असतो, तिच्यावरील आरोप खरा कीं खोटा, हें सामान्य नागरिकाला स्वतः पडताळून पाहतां येतें, एवढें मात्र निश्चित.

आतां आपलें कर्तव्य. आपल्या राज्यांत १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त-व्यवस्था कायद्याखालीं नोंदलेल्या संस्थांवर हिशेब तपासून घेऊन ते धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीकडे पाठविण्याचें बंधन आहे. परंतु तेथील कपाटांत पडलेला हिशेब वाचणारा कोणी नसेल, तर तो असून नसल्यासारखाच. वर्गणी देतांना तीन प्रश्न विचारावे : सर्वांत मोठे देणगीदार कोण ? त्यांच्या देणगीला अट कोणती ? आणि वरिष्ठांचें वेतन कोणी ठरविलें ? एक प्रश्न मात्र जपून विचारावा, तो म्हणजे "कचेरीवर एवढा खर्च कां ?" धान्य वाटणाऱ्या संस्थेला तो शोभतो, येथें मात्र चौकशी करणाऱ्याचा प्रवास, दुभाष्याचें वेतन आणि वकिलाची फी हेंच कार्य असतें.

हे प्रश्न पोलिसाच्या आवाजांत विचारूं नयेत. घरांतील माणूस घरच्या खर्चाविषयीं विचारतो, तसे विचारावे. कोठडींतील माणसाला आपल्यासाठीं कोण बोलत आहे, हेंहि पुष्कळदां ठाऊक नसतें, आणि त्या संस्थेची वही तो तपासूं शकत नाहीं. त्याच्यातर्फें ती आपण तपासली पाहिजे.