लाकडी होडीचें नवें कवच
(ज्युबिलीच्या सायंकाळीं केलेलें भाषण)



ज्युबिलीनिमित्त चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, तेव्हां आम्हां भावांस प्रश्न पडला कीं, ज्यांचे हात जन्मभर दोराला व जाळ्याला लागले त्यांनीं येथें उभें राहून सांगावें तें काय? शेवटीं हातांना जें ठाऊक आहे तेंच सांगावयाचें ठरलें.

आमच्या वडिलांच्या काळीं फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठोकीत, वर राळ व मासळीचें तेल चोपडीत, आणि दरवर्षीं तेंच पुन्हां करीत. लाकूड पाण्यांत फुगे, उन्हांत आटे. कापूसही त्याबरोबर दबे व सैल होई. बंदरावर ज्याला 'फायबर मारणें' म्हणतात, तें काचकापडाचें कवच ताठ असतें. त्याखालीं लाकूड हललें कीं तें फाटतें किंवा सुटतें.

आमचें पहिलें कवच असेंच सुटलें. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होडी ओढलेलीच असते. तेव्हां तिच्यावर ताडपत्री बांधून भर जुलैंत आम्हीं काम उरकलें, आणि पैसे वांचावेत म्हणून साधें पॉलिएस्टर वापरलें. पुढील ईस्टरच्या सुमारास पठाणाजवळ फुगवटा दिसला. ठोकून पाहिलें तों पोकळ आवाज! कवच हातानें सोललें गेलें, आणि खालच्या फळींत बोट शिरलें. वरून रंग झळकत होता, व त्याच होडींतून पांच माणसें रोज खोल समुद्रांत जात होतीं.

दोष कवचाचा नव्हता. घाई आमची होती. ओल्या लाकडाला कांहींच धरून राहत नाहीं, आणि पॉलिएस्टरची लाकडावरील पकड एपॉक्सीहून पुष्कळ कमी. दुसऱ्या वेळीं आम्हीं जुना रंग व तेलकट थर खरवडून काढला, कुजलेल्या व तेल मुरलेल्या फळ्या बदलल्या, आणि लाकडांतील ओल शेंकडा १५ च्या खालीं येईपर्यंत हात लावला नाहीं. सुकल्यावर उघडे पडलेले सांधे एपॉक्सींत लाकडाचा बारीक भुसा कालवून केलेल्या लांबीनें भरले.

एपॉक्सी कालवतांना अंदाज चालत नाहीं. पॉलिएस्टरची संवय असलेला माणूस लवकर सुकावें म्हणून औषध थोडें अधिक घालतो. येथें हार्डनर अधिक पडला तर तो थर नीट कठीण होतच नाहीं. उन्हाळ्यांत भांड्यांत राहिलेलें मिश्रण तापून धूर निघतो, म्हणून थोडेंथोडें कालवून पसरट थाळींत ओतावें. हातमोजे अवश्य घालावे. आमच्या धाकट्यानें हंसण्यावारी नेलें, व त्याचे हात महिनाभर खाजत राहिले. दमट हवेंत थरावर मेणचट साय येते. ती आधीं पाण्यानें घासून धुवावी, मगच काचकागद लावावा.

एपॉक्सीला ऊन सोसत नाहीं, म्हणून वर रंग हवाच. आणि पाण्याखालच्या भागास तळाला चिकटणारे जीव रोखणारा रंग. आंतल्या बाजूची मात्र लोक हयगय करितात. नोहाला तारवास आंतून व बाहेरून दोन्हीकडून डांबर लावण्याची आज्ञा होती, हें आपण लहानपणींच ऐकलें आहे. होडींत सांचलेलें पावसाचें गोडें पाणी खाऱ्या पाण्यापेक्षां लाकूड लवकर कुजवितें.

खरी अडचण हंगामाची. होडी घरीं असते तेव्हां हवा ओली, आणि हवा कोरडी असते तेव्हां मासळी बोलाविते. आम्हीं फेब्रुवारी-मार्चांत होडी वर ओढली, तेव्हां घरांत बरेच शब्द झाले. कर्जाचा हप्ताही चुकला. तरीही तो तोटा आम्हीं पत्करला, कारण त्या मऊ फळीचा स्पर्श बोट विसरलें नव्हतें.

तें कवच आज सहा वर्षें टिकलें आहे. दरवर्षीं लाकडी हातोडीनें सबंध तळ ठोकून आम्ही आवाज ऐकतों. यंदा नाळेजवळ वीतभर जागा पोकळ वाजली. तेवढा तुकडा कापून काढला आहे. लाकूड अद्याप वाळत आहे.