चार ओळींसाठी नवे यंत्र?
(वलगाव येथे कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा सारांश)



वलगावजवळ पेढी नदीच्या काठी २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांचे निर्वाण झाले. त्यांच्या कीर्तनाला येणाऱ्याची ऐपत कोणी विचारत नसे. आज सार्वजनिक माहितीच्या दारात मात्र ती विचारली जात आहे.

१९९३ साली ‘सर्न’ या युरोपीय संशोधन संस्थेने वेबचे तंत्र सर्वांना विनामूल्य खुले केले. त्या काळी पानाचा मजकूर सर्व्हरकडून तयार येई. ब्राउझरने तो केवळ दाखवायचा. १९९५ साली जावास्क्रिप्ट आली आणि पानासोबत आज्ञावलीही येऊ लागली. आता पुष्कळदा नुसता सांगाडा येतो, व मजकूर मागवून तो जुळविण्याचे काम वाचकाच्या यंत्रावर पडते. ‘लिंक्स’ अथवा ‘डिलो’ यांसारखे हलके ब्राउझर जुन्या संगणकावरही सहज चालतात. परंतु ते ही आज्ञावली चालवीत नाहीत. अशा पानावर त्यांच्या वाट्याला कोरी जागा येते.

हा प्रश्न केवळ तंत्राचा नव्हे, तर खर्च कोणी सोसायचा याचा आहे. शेतकऱ्याला तुरीचा भाव किंवा एखाद्या योजनेची मुदत पाहावयाची असते. मजकूर चार ओळींचा. त्यासाठी नवा फोन आणि जादा डेटा त्याने विकत घ्यावा, अशी ही व्यवस्था आहे. पान तयार करणाऱ्याचे श्रम वाचतात आणि भार असंख्य वाचकांवर विखुरला जातो. विखुरलेला भार कोणत्याच अंदाजपत्रकात दिसत नाही. म्हणून तो नाहीच असे मानले जाते.

आज्ञावली त्याज्य आहे, असे नाही. नकाशा सरकवून त्यावर शेताचा गट शोधावयाचा तर ती लागेलच. सूचना वाचण्यासाठी मात्र ती लागू नये. १९९९ च्या जागतिक वेब-सुगम्यता तत्त्वांत आज्ञावली बंद असतानाही पान वापरता यावे, अशी अट होती. २००८ च्या आवृत्तीत ती उरली नाही. ब्रिटिश सरकारने मात्र आपल्या सेवांचा पाया साध्या एचटीएमएलचाच असावा, असा दंडक घातला आहे.

डॉ. लोहियांनी १९५२ साली पचमढीच्या अधिवेशनात लहान यंत्राचा पुरस्कार केला. यंत्र माणसाच्या आवाक्यात असावे, ही त्यामागील दृष्टी होती. त्याच दृष्टीने आज मागणी केली पाहिजे : सरकारी सूचना, बाजारभाव, याद्या व अर्ज आज्ञावलीवाचून उघडले पाहिजेत. जनतेच्या पैशाने तयार झालेले पान जनतेच्या हाती असलेल्या यंत्रावर वाचता येत नसेल, तर ते सार्वजनिक कसले?